बर्प, बेल्च आणि आपला ढेकर : अर्थ, उगम आणि वापर

आर्वीचा मास्तर :

आर्वी तालुक्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. परवा भाषांतराच्या सरावासाठी 'जेवण आटोपल्यावर आजोबांनी समाधानाने ढेकर दिला' असे एक वाक्य फळ्यावर लिहिले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी 'बर्प' हा शब्द वापरला, काहींनी 'बेल्च' वापरला, आणि मोबाइलवर शब्दकोश उघडणाऱ्या एका मुलीने 'इरक्टेशन' असा शब्द शोधून आणला. वर्गात हशा पिकला. परंतु तिघांपैकी चूक कोणाचे आणि बरोबर कोणाचे, हे मला त्या वेळी नेमके सांगता येईना, कारण कोशात तिन्हींपुढे 'ढेकर' एवढेच लिहिलेले आहे.

तीन शब्द एकाच गोष्टीसाठी असतील, तर त्यांचे वापराचे क्षेत्र वेगळे असणारच, असा माझा अंदाज आहे. जाणकारांनी या शब्दांचा उगम आणि आजचा वापर यांविषयी सविस्तर लिहावे. मुलांना मी उत्तर द्यायचे कबूल केले आहे.

जुना शब्दकोश :

सर, तुमचा अंदाज योग्य आहे. या तिन्ही शब्दांचे वय आणि कूळ वेगवेगळे आहे.

'बेल्च' हा घरचा, अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे. इंग्रजीच्या सर्वांत जुन्या टप्प्यातील 'बेअल्कन' या क्रियापदापासून तो आला असून त्याचा अर्थ केवळ ढेकर देणे एवढाच नव्हता. उचंबळणे, आतून उसळून बाहेर येणे अशाही छटा त्यात होत्या. डच भाषेत त्याचा नातेवाईक 'बाल्कन' हा शब्द गाढवाच्या ओरडण्यासाठी वापरतात, यावरून हा शब्द मुळात आवाजावरूनच बनला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. सोळाव्या शतकापासून तोफा आणि ज्वालामुखी यांच्यासाठीही हे क्रियापद वापरात आले. शेक्सपिअरने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकातील एका खाण्यापिण्यात रमणाऱ्या सरदाराचे आडनावच 'बेल्च' ठेवले. प्रेक्षकाला पात्राचा स्वभाव नावावरूनच कळावा, इतका तो शब्द तेव्हा रोजच्या तोंडचा होता.

'बर्प' मात्र कालपरवाचा म्हणावा इतका नवा आहे. त्याचा छापील वापर १९३२ सालापासून आढळतो, तोही अमेरिकन इंग्रजीत. ध्वनीची नक्कल करून बनवलेला हा शब्द आहे, त्याला यापलीकडे कूळ नाही. यातून एक मजेदार गोष्ट निघते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली; म्हणजे 'ढेकर' या शब्दासमोर 'बर्प' लिहिणे त्या साहेबाला शक्यच नव्हते, कारण तो शब्द जन्माला यायला आणखी पाऊणशे वर्षे अवकाश होता. तुमच्या वर्गातल्या मुलांना जो शब्द सर्वांत सोपा आणि 'खरा' वाटतो, तोच तिघांत धाकटा आहे.

तिसरा 'इरक्टेशन' हा लॅटिनमधून आलेला पंडिती शब्द. लॅटिनमधील 'रुक्तारे' म्हणजे ढेकर देणे, त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'एरुक्तारे' झाले. आज हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकांत आणि रुग्णाच्या कागदपत्रांत सापडतो. जेवणाच्या ताटावर कोणीही तो उच्चारत नाही. आजोबांच्या वाक्यात तो घालणे म्हणजे 'आजोबांना ऊर्ध्ववात झाला' असे लिहिण्यासारखे आहे. व्याकरण शुद्ध राहते, पण आजोबा हरवतात.

पूर्णाकाठ :

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, ती मला या संपूर्ण विषयात सर्वांत रोचक वाटते.

लॅटिन बायबलमधील चव्वेचाळिसाव्या (इंग्रजी बायबलच्या क्रमाने पंचेचाळिसाव्या) स्तोत्राचा आरंभ 'एरुक्ताविट कोर मेउम' अशा शब्दांनी होतो. शब्दशः पाहिले तर 'माझ्या हृदयाने एका चांगल्या शब्दाचा ढेकर दिला' असा त्याचा अर्थ होतो. भक्ताच्या अंतःकरणातून शब्द उसळून बाहेर येतो, हे सांगण्यासाठी त्या भाषांतरकाराला हेच क्रियापद जवळचे वाटले. आपल्याला हे ऐकून हसू येते; परंतु हसण्यापूर्वी आपण आपल्याच 'उद्गार' या शब्दाकडे पाहावे. संस्कृतात 'उद्गार' म्हणजे वर आणि बाहेर टाकलेले जे काही असेल ते; ढेकर हाही उद्गारच आणि तोंडातून निघालेले बोल हाही उद्गारच. आयुर्वेदाचे ग्रंथ आजही ढेकराला उद्गार म्हणतात. मराठीने त्यातला ढेकर बाजूला ठेवला आणि फक्त बोल उचलले. म्हणून 'साहेबांनी गौरवोद्गार काढले' असे आपण बिनदिक्कत लिहितो आणि वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह देतो, तेव्हा त्या चिन्हाच्या पोटात काय दडले आहे, याची कोणाला आठवणही होत नाही. मास्तर, हे वर्गात सांगाल तर मुले उद्गारचिन्ह जन्मात विसरणार नाहीत. मुख्याध्यापकांची जबाबदारी मात्र मी घेत नाही.

वैद्यबुवा :

उद्गाराचा विषय निघालाच आहे, म्हणून थोडे लिहितो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू आणि झोप यांच्या जोडीला उद्गारही आहे. तो दाबल्यास उचकी, श्वास, अन्नावरची वासना जाणे, कंप आणि छातीत जखडल्यासारखे होणे, अशी लक्षणे तेथे दिली आहेत. योगाच्या परंपरेत पाच उपप्राण मानतात. त्यांपैकी 'नाग' नावाच्या वायूकडे ढेकराचे खाते आहे. अन्न नीट पचल्याच्या लक्षणांत 'उद्गारशुद्धी' येते. आलेल्या ढेकराला आधीच्या अन्नाचा वास किंवा चव नसणे, हा त्याचा अर्थ. आमच्याकडे येणारा शेतकरी हेच वेगळ्या शब्दांत सांगतो : "सकायपासून कालच्याच भाजीचे ढेकर येऊन राह्यले, बुवा." शास्त्रातील 'उद्गारशुद्धी नाही' हे लक्षण याहून नेमके सांगता येणार नाही.

आधुनिक शरीरशास्त्राच्या दृष्टीने ढेकर ही दोन झडपांची गोष्ट आहे. जेवताना, पाणी पिताना आणि विशेषतः घाईने बोलत जेवताना आपण हवा गिळतो. ती जठराच्या वरच्या भागात साचते, जठराला ताण पडतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप क्षणभर सैल होते. हवा वर चढते, मग घशाजवळची वरची झडप उघडते, आणि तिच्या थरथरण्यातून तो परिचित आवाज निघतो. गोटी सोडा प्यायल्यावर येणाऱ्या ढेकरात गिळलेल्या हवेऐवजी कर्बवायू अधिक असतो, एवढाच फरक. काही माणसांना जन्मभर ढेकर देताच येत नाही. त्यांची वरची झडप हवा बाहेर सोडताना सैल होत नाही. पोट फुगते, घशात गुरगुरते, पण ढेकर येत नाही. या विकाराचे पद्धतशीर वर्णन अमेरिकेतील रॉबर्ट बास्टियन या कंठविकारतज्ज्ञाने २०१९ साली प्रसिद्ध केले. त्या स्नायूत बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन देऊन त्यावर उपचार करतात. इंग्रजीत अशा रुग्णांच्या गटांनी स्वतःच्या तक्रारीला जे बोलीतले नाव दिले आहे, त्यात 'बर्प' आहे. 'बेल्च' किंवा 'इरक्टेशन' नाही.

अंगणवाडीताई :

मास्तरांच्या प्रश्नात 'बर्प'चा एक वापर राहून गेला आहे आणि तो मला रोज लागतो. इंग्रजीत 'बर्प' हे क्रियापद दुसऱ्यावरही चालते. बाळाला दूध पाजल्यानंतर त्याचा ढेकर काढायचा, यासाठी 'बर्प द बेबी' असे म्हणतात, आणि हा वापर १९४०च्या सुमारास रूढ झाला. 'बेल्च'ला हे काम करता येत नाही. 'बेल्च द बेबी' असे कोणी म्हणत नाही.

मराठीने हे काम क्रियापद बदलून केले आहे. माणूस ढेकर देतो, आपोआप ढेकर येतो, आणि बाळाचा ढेकर काढतात. देणे, येणे आणि काढणे या तीन साध्या क्रियापदांत इच्छा, अनिच्छा आणि दुसऱ्याची मदत हे सारे बसले. असे असताना मध्यंतरी आमच्याकडे आलेल्या एका पत्रकात 'स्तनपानानंतर बाळाचे बर्पिंग करावे' असे छापले होते. गृहभेटीत मी ते वाचून दाखवले तेव्हा बाळंतिणीच्या सासूबाई काळजीने म्हणाल्या, "हे कोन्तं इंजेक्शन हाय, बाई?" मग मी बाळाला उचलून उभे खांद्यावर घेतले, एका हाताने मान आणि डोके सावरले, दुसऱ्या हाताचा तळवा खोलगट करून पाठीवर खालून वर हलके थोपटले. बाळाने ढेकर दिला, सोबत थोडे दूधही माझ्या पदरावर टाकले. सासूबाई म्हणाल्या, "असं म्हना ना मंग, ढेकर काढा म्हनून." त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. ज्या घरात चार पिढ्या बाळांचे ढेकर काढत आल्या आहेत, त्या घराला 'बर्पिंग' शिकवण्यात काहीही शहाणपण नाही.

आर्वीचा मास्तर :

ताई, हे उदाहरण मी उद्याच वर्गात वापरतो. सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांचा धडा तसाही अडला होता.

आणखी एक शंका विचारतो. मुलांनी 'गेव्ह अ बर्प' असेही लिहिले आहे. 'ढेकर दिला' याचे ते सरळ शब्दशः रूप दिसते. ते मी खोडावे काय?

जुना शब्दकोश :

खोडू नका. इंग्रजीतही नामाच्या आधी 'गिव्ह' हे क्रियापद लावून 'त्याने मोठा ढेकर दिला' अशी रचना करतात आणि ती शुद्ध आहे. या ठिकाणी दोन्ही भाषांचे वळण योगायोगाने जुळले आहे. मात्र साधे क्रियापद वापरणे, म्हणजे नुसते 'बर्प्ड' लिहिणे, अधिक प्रचलित आहे. मुलांना दोन्ही सांगावे.

'बर्प' आणि 'बेल्च' यांतील फरक आवाजाचा आणि शिष्टाचाराचाही आहे. 'बर्प' लहान, क्षम्य, थोडा बालसुलभ. 'बेल्च' मोठा, दणदणीत, ऐकणाऱ्याने मान वळवावी असा. आजोबांचा ढेकर कसा होता, यावर तुमच्या वाक्यातील शब्द ठरेल. 'समाधानाने' असे तुम्ही लिहिले असल्यामुळे मी दोन्ही शब्दांना गुण देईन, आणि 'इरक्टेशन' लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापताना तिच्या शोधाचे कौतुक करीन.

पूर्णाकाठ :

लाक्षणिक वापराकडेही पाहायला हवे, कारण भाषांतर करणारे तेथेच फसतात. इंग्रजीत कारखान्याच्या चिमण्या धूर 'बेल्च' करतात. आपल्याकडे चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी धूर ओकते. तोफा आग ओकतात, ऊन आग ओकते, आणि राजकीय विरोधक एकमेकांवर गरळ ओकतात. म्हणजे जे काम इंग्रजीने ढेकरावर सोपवले, ते मराठीने वांतीवर सोपवले. 'चिमणीने धुराचा ढेकर दिला' असे लिहिणे नव्या कवीला शोभेल, बातमीला नाही. 'बर्प' तर इंग्रजीतही या ठिकाणी चालत नाही, कारण एवढ्या मोठ्या चिमणीला तो शब्द पुरत नाही.

उलट दिशेने पाहिले तर मराठीचा एक खास प्रयोग इंग्रजीत जात नाही. पांदण रस्त्याचा निधी आला, कागदावर रस्ता झाला, आणि पैसा 'ढेकरही न देता पचवला' असे गावात म्हणतात. यात ढेकर हा पुरावा आहे. खाल्ल्याची खूण उरू नये इतकी सफाई दाखवणारी ही शब्दयोजना आहे. हिंदीतही 'डकार तक नहीं ली' असे म्हणतात, आणि नुसते 'डकार जाना' याचा अर्थच दुसऱ्याचे गिळंकृत करणे असा होतो. इंग्रजी 'बर्प'ला भ्रष्टाचाराचे हे अंग फुटलेले नाही. तेथे अशा वेळी सरळ 'गिळले' किंवा 'खिशात घातले' या अर्थाचे शब्द वापरावे लागतील.

वैनगंगेपल्याड :

मी गडचिरोली जिल्ह्यात राहतो. हिंदीतील 'डकार' शब्दाचा वर उल्लेख आला, म्हणून आमच्या भागातील एक निरीक्षण नोंदवतो. मुलचेरा आणि चामोर्शी भागात फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे वसवलेली आहेत. तेथील माणसे घरात बंगाली बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात ढेकराला 'ढेकुर' म्हणतात. नागपूर-गोंदियाकडे हिंदी बोलणाऱ्यांचा 'डकार', पश्चिमेला गुजरातीत 'ओडकार', आणि हिंदीचा एवढा मोठा मुलूख ओलांडून गेल्यावर बंगालीत पुन्हा आपल्या 'ढेकर'चा सख्खा भाऊ वाटावा असा शब्द. मी हे प्रथम ऐकले तेव्हा समोरचा मराठी शब्द मोडून बोलतो आहे, असेच मला वाटले होते. दक्षिणेला सिरोंचाकडे गेले की तेलुगू सुरू होते आणि शब्द 'त्रेन्पु' होतो, त्याचे कूळच निराळे.

लिंगाचेही असेच आहे. आमच्याकडे 'ढेकर आला' आणि 'ढेकर आली' दोन्ही ऐकू येतात. हिंदीत 'डकार' स्त्रीलिंगी असल्याचा तो परिणाम असावा, असे माझे मत आहे. लिहिताना मी पुल्लिंगच वापरतो.

गोठ्यावरून :

माणसांविषयी पुष्कळ झाले, आता जनावरांविषयी लिहितो. 'इरक्टेशन' हा शब्द कोणी उच्चारत नाही, असे वर म्हटले आहे. पशुवैद्यकाच्या वर्गात मात्र तो शब्द रोजचा आहे. गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात चाऱ्यावर सूक्ष्मजीवांची प्रक्रिया होऊन अखंड वायू तयार होतो. तो ढेकरावाटेच बाहेर पडावा लागतो. गाईचा ढेकर आपल्याला सहसा ऐकूही येत नाही, कारण त्यातील बराच वायू आधी श्वासनलिकेत ओढला जातो आणि मग श्वासासोबत बाहेर पडतो. हा ढेकर थांबला तर जनावर काही तासांत दगावू शकते. पावसाळ्यात ओल्या कोवळ्या चाऱ्यावर, विशेषतः लसूणघासावर, उपाशी जनावर सुटले की पोटात फेस होतो, वायू फेसात अडकतो आणि डावी कूस ढोलासारखी वर येते. आपण त्याला पोटफुगी म्हणतो. गोठ्यात अशा वेळी म्हातारा माणूस एकच प्रश्न विचारतो : "रवंथ करून राह्यली का?" रवंथ सुरू असेल, तर ढेकरही सुरू आहे, हे त्याला ठाऊक असते.

इंग्रजी वर्तमानपत्रांत हल्ली 'काऊ बर्प्स' हा शब्दप्रयोग वारंवार दिसतो, कारण गुरांच्या ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची शक्ती कर्बवायूच्या सुमारे २८ पट मानतात. त्या बातम्यांचे मराठी करताना आपले काही पत्रकार 'गाईंच्या पादण्यामुळे तापमानवाढ' असे लिहून मोकळे होतात. ते साफ चुकीचे आहे. गुरांच्या पोटातील मिथेनचा फार मोठा भाग तोंडावाटेच जातो, मागून जाणारा अगदी थोडा असतो. येथे 'बर्प' शब्दाचा अर्थ नीट न कळल्यामुळे विज्ञानच उलटे झाले आहे. आमच्या गवळाऊ गाईची एवढी बदनामी तरी टळावी.

सालेकसाची सून :

येथे शिष्टाचाराचा उल्लेख एका ओळीत आटोपला, म्हणून लिहिते. 'काही देशांत यजमानाला ढेकर ऐकवणे हा सन्मान असतो' असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. परदेशाचे राहू द्या. आमच्या पंगतीत वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी झाली की ओसरीवर बसलेले मामंजी मोठा ढेकर देऊन 'हरी ओम' म्हणतात आणि वाढणाऱ्याला बरे वाटते. तोच ढेकर आतल्या पंगतीत सुनेला आला तर तिने पदर तोंडावर घेऊन तो गिळायचा असतो. 'तृप्तीचा ढेकर' हा शब्दप्रयोग मी छापील मजकुरात पुष्कळदा वाचला आहे. तो देणारी बाई मला त्यात क्वचितच भेटली. इंग्रजीत 'बर्प' करून 'एक्स्क्यूज मी' म्हणायचे असते आणि ते निदान पुरुषालाही म्हणावे लागते. चरकाचा नियम वैद्यबुवांनी वर दिलाच आहे, त्यात स्त्रियांसाठी सूट दिलेली नाही.

वैद्यबुवा :

सूनबाई, सूट दिलेली नाही हे खरेच आहे. दाबलेल्या ढेकराची तक्रार घेऊन येणाऱ्यांत माझ्याकडे स्त्रियाच अधिक असतात.

आर्वीचा मास्तर :

सर्वांचे आभार. मुलांकडून आणखी एक प्रश्न आला आहे. 'आंबट ढेकर' आणि 'करपट ढेकर' यांना इंग्रजीत काय म्हणावे? एका विद्यार्थ्याच्या वडिलांना नागपूरला दाखवायला नेले होते, तेथील डॉक्टरांना मराठी येत नव्हते, आणि मुलाने 'बर्न्ट बर्प' असे सांगितले. डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिले.

जुना शब्दकोश :

आंबट ढेकराला 'सावर बर्प' म्हटलेले चालते आणि डॉक्टरांना ते लगेच कळते. मुले पुष्कळदा त्याऐवजी 'हार्टबर्न' लिहितात, ते मात्र टाळावे. हार्टबर्न म्हणजे छातीत जळजळ. ती ढेकराशिवायही होते. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर 'सल्फर बर्प' असा शब्द आहे, आणि तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. मुळा खाल्ल्यावर येणारा उग्र ढेकर याहून वेगळा, त्याला गंधकयुक्त तिखट द्रव्ये कारणीभूत असतात, आणि त्यासाठी इंग्रजीत खास शब्द नाही, 'मुळ्याचा ढेकर' असेच समजावून सांगावे लागते.

'करपट'ला एका शब्दाचा पर्याय मला सापडलेला नाही. करपट म्हणताना आपल्याला जळकी चव, घशाशी येणारा कडवटपणा आणि न पचलेले अन्न हे तिन्ही एकदम सांगायचे असते. डॉक्टरांसमोर ते सुटे करून सांगावे : ढेकर येतो, घशाशी कडू पाणी येते, जेवणानंतर किती वेळाने येते, आणि रात्री आडवे झाल्यावर वाढते काय. शेवटचे दोन मुद्दे 'बर्न्ट'च्या भाषांतरापेक्षा डॉक्टरांच्या अधिक उपयोगाचे आहेत, तेव्हा त्या मुलाला ते आधी वडिलांना विचारून वहीत लिहून न्यायला सांगा.